हसू पचवण्याचा वर्ग

आमच्या अमडापुरात कुणाच्या पोराला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की घरचे पेढे वाटतात. वसंतकाका मात्र त्या पोराला ओट्यावर उभं करून त्याची चारचौघांत फजिती करतात.

काका माझे शेजारी, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. घरात फोनवर बोलले तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. त्यांचं म्हणणं असं, की पुण्यात आपल्या बोलण्याला हसतात आणि आपली पोरं तिथंच खचतात. म्हणून निकाल लागले की ते वर्ग घेतात. चार रिकामटेकड्यांना चहा पाजून ओट्यासमोर बसवतात. पोरानं नाव, गाव, काय शिकणार ते सांगायचं आणि आम्ही खदाखदा हसायचं. पोरगं अडखळलं की काका गरजतात, "थांबला काऊन बे? हसणं त्याइचं काम हाये. तू तुह्यं वाक्य पुरं कर!"

हसणाऱ्यांत मी जुना. आमचा शिंपी तर इतकं मनापासून हसतो, की गेल्या साली एका पोराची आई चप्पल घेऊन त्याच्या अंगावर धावून आली होती.

यंदा नंबर माझ्याच लेकीचा, सोनलचा. पुण्याला प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा ती 'मले' म्हणाली आणि रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून तिचा एकच घोशा, मी जातच नाही. काकांनी तिला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि मला दटावलं, "बाप तू घरी. इथं हास!"

हसलो. शिंप्यापेक्षाही मोठ्यानं हसलो. सोनलचा आवाज आधी कापला, मग चढला. "मले शिकाचं हाये! मी अशीच बोलीन. ज्याले हसाचं असन त्यानं खुशाल हसावं!" काकांनी कडाडून टाळी वाजवली. मी मात्र डोळे पुसत बसलो, आणि त्याची मला लाज नाही.

नंतर चहा घेताना सोनल काकांना म्हणाली, "आबा, हसण्याचं जमलं. पण तिथं एकटं राहाचं कसं?"

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून पुण्यालाच असतात. काकांनी कप खाली ठेवला.

"ते मले बी अजून नाई जमलं, पोरी," ते म्हणाले. "तुले आधी जमलं तं फोन करून सांगजो."