ओवाळणीचं वजन

यंदाच्या भाऊबीजेला ठाण्यात बाळकुमला कल्पिताताईनं मला ओवाळलं, तेव्हा मी ताटात पाकीट टाकलंच नाही. छाती पुढे काढून सगळ्यांसमोर म्हणालो, "यंदा ओवाळणीत किडनी!"

ताईचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा चौदा महिने झालेले. आठवड्यातून तीनदा जायचं, सुया टोचून टोचून हातावर गाठी आलेल्या. तिनं निरांजन खाली ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी फराळ खा, मग दे." आमची ताई अशी.

रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्यांतही मी पास. शाळेत कधी इतक्या विषयांत पास झालेलो नाही! अडलं फक्त वजनावर.

"एक्याण्णव आहे तुमचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पंच्याऐंशीच्या आत या, मग ऑपरेशनची तारीख देते."

"दोन महिने! लिहून घ्या मॅडम!"

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण नाही. 'ताईसाठी' नावाचा आमच्या एकतीस नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर जाहीर करून टाकलं की रोज सकाळी सहाला वजनकाट्याचा फोटो टाकणार, पायाच्या अंगठ्यांसकट! माझी जीभ एक दिवस मला खड्ड्यात घालणार आहे.

दोन महिने दुधी खाल्ला. भात बंद, साखर बंद, फरसाण दिसलं की मान फिरवायची. काटा आला शहाऐंशी पॉइंट दोनवर. राहिला जेमतेम सव्वा किलो! म्हटलं, आता व्यायामाचा एक दणका देऊ. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिम आहे, तिथे आजवर मी फक्त मीटिंगला खुर्ची मिळते म्हणून जायचो. आता बैठका मारल्या, डंबेल्स उचलले, आठ दिवस कण्हत कण्हत जिना उतरलो. नवव्या दिवशी काट्यावर उभा राहिलो.

सत्त्याऐंशी पॉइंट नऊ!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बायको धावत आली.

"अहो, उतरा आणि परत चढा," सोनल म्हणाली. चढलो. तेच.

"काटा सरकवून बघा." सरकवला. तेच.

"बनियन काढा."

काढलं. अठ्ठ्याऐंशी!

फोटो टाकावाच लागला. एरवी अंगठ्यांचा नुसता पाऊस पडायचा. त्या दिवशी गावाहून फक्त सखारामकाकांचा मेसेज आला, "संदेश, लग्नाबिग्नाला गेलेलास काय रे?"

मी पेटलो! बैठका दुप्पट केल्या, वर सकाळी एमआयडीसीत धावायला लागलो. काटा हलेना. घरचा काटाच बिघडलाय म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो आणि तांदळाचं पोतं उतरवून त्याच्या काट्यावर चढलो. तिथेही अठ्ठ्याऐंशी! हा माणूस आयुष्यभर आम्हाला मापात मारतो असं आई म्हणायची. नेमका माझ्या वेळी प्रामाणिक निघाला.

आणि मग तो गुरुवार. धावता धावता पोटरीत असा गोळा आला की मी ओरडत समोरची वडापावची गाडी धरली. गाडीवाला भला माणूस. "साहेब, मीठ चाटा, मीठ!" म्हणत त्यानं कागदावर मीठ दिलं. मी ते चाटत असतानाच समोर रिक्षा थांबली. आत रवींद्र भाऊजी! ताईचे मिस्टर, हॉस्पिटलच्या कागदावर माझी सही घ्यायला आलेले. त्यांनी गाडी बघितली, माझ्या हातातला कागद बघितला, माझं चाटणं बघितलं. रिक्षा तशीच वळवली.

"भाऊजी! अहो, मीठ आहे ते!" मी लंगडत धावलो. रिक्षा गेली.

बातमी पोचली आणि ग्रुप गप्प झाला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं! तिकडे ताईच्या हातातली नस आता साथ देईना, हे मला सोनलकडून कळलं.

रात्री ताईचाच फोन आला.

"संदेश, जेवलास?"

"ताई, आईशप्पथ, मी वडापाव..."

"ऐक रे. नसेल द्यायची तर नको देऊस. भीती वाटत असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण मला आशेवर ठेवू नकोस."

"भीती? मला? छट्!" मी ओरडलो. फोन ठेवून मोरीत जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी ताईला नि भाऊजींना घेऊन ठाण्याला डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसलो. त्यांनी टेप काढली. पोट दोन इंच कमी!

"अचानक एवढा व्यायाम सुरू केलात, तर दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. काटा ते पाणी मोजतोय, चरबी नाही," त्या म्हणाल्या. "दोन-तीन आठवड्यांत उतरेल. आणि बैठका कमी करा, तुम्हाला कुस्ती खेळायची नाहीये."

भाऊजींनी माझा हात धरला नि "मीठ होतं का रे ते?" असं हळूच विचारलं. ताई तर हसून हसून रडली.

तीन आठवड्यांनी चौऱ्याऐंशी पॉइंट तीन! ग्रुपवर फटाके उडाले. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला ऑपरेशन. मी जाणार, पळणार नाही.

पण तुम्ही काही आमच्या ग्रुपवर नाही, म्हणून सांगतो. त्या सकाळी सत्त्याऐंशी पॉइंट नऊ बघून डोळ्यांत पाणी आलेलं ना, ते दुःखाचं नव्हतं. पहिला विचार आलेला, सुटलो! क्षणभरच, पण आलेला. फोटोत नुसते अंगठे येतात, तोंड येत नाही, तेवढं बरं.