बाबांच्या रायफलची सरकलेली माशी

रायफल निवडण्याच्या बाबतीत आमच्या ड्रायब्रे गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे माझं मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नसायचं. गाव म्हणजे तरी काय, एक चर्च, एक पोस्ट, एक सभागृह आणि भोवती ओटागोच्या उघड्या टेकड्या. त्या टेकड्यांवर मेंढ्या आमच्या आणि गवत सशांचं, अशी वाटणी फार पूर्वीच होऊन गेली होती. त्यामुळे पॉइंट टू-टूची लहान रायफल घरोघरी असायची. सकाळी तिनं ससे मारायचे आणि हिवाळ्यात दर मंगळवारी संध्याकाळी तीच घेऊन सभागृहात पालथं पडून पंचवीस यार्डांवरच्या कार्डावर दहा गोळ्या झाडायच्या. मग बायकांनी आणलेले केक खायचे आणि आपले मार्क कमी का पडले याची कारणं एकमेकांना सांगायची.

मी चौतीस वर्षांचा होतो आणि मला एकच रायफल अशी हवी होती, की जी मंगळवारी कार्डाच्या मधोमध लागेल आणि बुधवारी सशाच्या डोक्यात. तीन शनिवार मी डनेडिनच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानदार भला माणूस. तो पुन्हा पुन्हा सांगत होता की कार्डाची रायफल जड असते, नळी जाड असते, ती जमिनीवर टेकवून मारायची. टेकडीवरची हलकी असते, ती दिवसभर खांद्यावर न्यायची. दोन्ही कामं एकीकडून करून घ्यायला गेलात तर दोन्हीकडून बोंब. मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि जाड नळीची, पाच किलोची एक सुंदरी उचलली. डोळ्याजवळच्या नेमाच्या चकतीला एक स्क्रू होता. तो फिरवला की टिक् टिक् आवाज व्हायचा आणि प्रत्येक टिकेला गोळी केसभर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायची. त्या आवाजावर मी भाळलो.

"मला पसंत करायला तुला एक नाच पुरला होता," माझी बायको नायरी म्हणाली.

आता या रायफलींचं एक असतं. प्रत्येकीला एकच कुठलं तरी काडतूस मानवतं. ते कुठलं, हे तिच्या कारखानदारालाही माहीत नसतं. म्हणून मी लोकर कातरायच्या शेडमध्ये शेगड्याला, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीला, रबर लावून त्यात रायफल आवळली, सात प्रकारची काडतुसं आणली आणि वहीत नोंदी करत रविवारची अख्खी सकाळ घालवली. पहिल्या सहा प्रकारांच्या गोळ्या जॅमच्या बरणीच्या झाकणाएवढ्या जागेत विखुरल्या. सातवा प्रकार बरा निघाला. तो आमच्या क्लबच्या कॅप्टन इसोबेल मॅकर्डी यांनी मला पहिल्याच दिवशी सुचवला होता, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण शेडच्या खुंटीला बाबांची रायफल टांगलेली होती. बाबा म्हणजे वॉटी डाल्ग्लीश, वय अडुसष्ट. आई गेल्यापासून ते अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. त्यांची रायफल एका वेळी एकच गोळी घेणारी, दस्ता चिरलेला आणि तांब्याच्या तारेनं बांधलेला. तरी रोज सकाळी न्याहारीच्या आत दोन ससे मागच्या दाराशी टांगलेले असायचे. मनात आलं, बघू तरी, हिची आणि माझ्या रायफलीची तुलना करून. आवळली शेगड्यात, झाडल्या दहा गोळ्या आणि जाऊन पाहतो तो काय, दहाच्या दहा एका नाण्याखाली झाकतील अशा! माझ्या रायफलीपेक्षा जवळ जवळ.

फक्त सगळ्या डावीकडे. मधोमध नेम धरला तर चांगलं दोन बोटं डावीकडे.

मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे दोष होता! नळीच्या टोकावर नेम धरायला जो दाणा असतो, ज्याला माशी म्हणतात, ती तिच्या खाचेत केसभर उजवीकडे सरकलेली होती. नुसत्या डोळ्यांना कळलंही नसतं. आणि असल्या रायफलीनं बिचारे बाबा इतकी वर्षं मारत होते. माझ्या मनात पितृप्रेम दाटून आलं. मी पितळी खिळा लावून हातोडीनं एक हलकी टिचकी मारली, माशी बरोबर मधे आणली, पुन्हा दहा गोळ्या झाडून खात्री केली आणि रायफल पुसून खुंटीला लावली. बाबांना सांगितलं नाही. शनिवारी ग्लेनफेरच्या क्लबाशी ढालीचा सामना होता. आमच्या चौघांच्या संघात बाबा होते, मीही होतो. आपले मार्क अचानक का वाढले म्हणून ते चकित होतील आणि मग मी सहज सांगेन, असा माझा बेत होता.

सोमवारी सकाळी मागच्या दाराशी ससे नव्हते.

मंगळवारी सकाळीही नव्हते. बाबा न्याहारीला आले, लापशी खाल्ली, हवेबद्दल दोन शब्द बोलले आणि गेले. संध्याकाळी सभागृहात त्यांच्या पहिल्या दोन गोळ्या उजवीकडे वाया गेल्या. मग ते गडबडले, कधी डावीकडे, कधी वर नेम बदलत गेले आणि कार्डावर देवी आल्यासारखी भोकं पडली. एरवी ज्यांचे मार्क ब्याण्णवच्या खाली कधी आले नाहीत त्यांचे शंभरात एकतीस. इसोबेलबाईंनी चष्म्यावरून पाहत माशी तपासायला सांगितलं.

"ती चौतीस वर्षं जागची हललेली नाही," बाबा म्हणाले. "हललेत ते माझे डोळे."

 तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांना तो दोष पहिल्यापासून ठाऊक होता. सशाचं डोकं मारायचं तर ते त्याच्या कानापलीकडच्या गवतावर नेम धरत. हात, डोळा, खांदा, सगळं त्या दोन बोटांवर मुरलेलं होतं. मी दोन बोटं काढून घेतली होती. तिथल्या तिथं उठून सांगायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण समोर अख्खा क्लब बसला होता आणि मी तिथला रायफलीतला जाणकार होतो.

बुधवारी बाबा आपली रायफल घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले आणि ती टेबलावर ठेवून म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे ॲली. आणि ट्रकची किल्लीही. ज्याला पन्नास यार्डांवर ससा दिसत नाही त्यानं गाडी चालवू नये."

मी म्हणालो, बाबा, एखादा आठवडा वाईट जातो. ते म्हणाले, कालच इसोबेलला सांगून संघातून नाव काढलंय. मग खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर टेकडीवर दोन ससे निवांत चरत होते आणि ते मला दिसत होते, तसेच त्यांनाही दिसत असणार. पण त्यांनी आपल्या डोळ्यांवरचा विश्वासच काढून घेतला होता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे तरीही मी गप्प बसलो.

इसोबेलबाई नुसत्या कॅप्टन नव्हत्या, पोस्टही त्यांच्याच हातात होतं. गुरुवारी दुपारपर्यंत गावात वॉटी डाल्ग्लीश आंधळा होत चालल्याचं एकमतानं ठरलं. नायरीनं गाजरांचा मारा सुरू केला. गाजराचं सूप, मटणात गाजर, रात्री किसलेलं गाजर. शेजारणी गाजराचे केक घेऊन येऊ लागल्या. पाद्रीसाहेब येऊन तासभर मोठ्या आवाजात बोलून गेले, जणू कानही गेले होते. शुक्रवारी बाबा पोस्टात निघाले तर दोन जणांनी दोन्ही दंड धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. त्या रस्त्यावरून दिवसाला चार गाड्या जायच्या. बाबांनी कोणाला झिडकारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पलीकडे पोचल्यावर त्यांनी हॅट काढून दोघांचे आभार मानले आणि आपला कुत्रा कोणाला हवा आहे का, असं हळूच विचारलं.

कुत्र्याचं ऐकलं आणि बाबांची रायफल घेऊन मी शेडकडे धावलो. साधं काम होतं. माशी जिथून आणली तिथं परत न्यायची, रायफल बाबांच्या हातात द्यायची, एक ससा पडला की सगळं मिटलं. कोणाला काही कळणार नव्हतं. मी खिळा लावून टिचकी मारली. माशी हलली नाही. जरा जोरात मारली, ती पार पलीकडे गेली. उलट्या बाजूनं मारली, अलीकडे आली. अशी सहा-सात वेळा तिची येरझार झाली आणि मग टक् असा बारीक आवाज होऊन ती माझ्या तळहातावर पडली. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा.

तो तळहात तसाच पुढे धरून मी अंगण ओलांडलं. बाबा खुर्चीत बसले होते. मांडीवर गाजराचा केक होता. मी सगळं सांगितलं, रविवारपासूनचं. नोंदींची वहीसुद्धा दाखवली, का ते मलाही माहीत नाही. बाबांनी तुकडा चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि बराच वेळ पाहिला.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

"ठीक आहेत बाबा."

"सगळं गाव मला दंड धरून फिरवतंय, तेव्हा तू कुठं होतास?"

मी म्हणालो, मागे चाललो होतो.  बाबांनी तो केक ताटलीसकट माझ्या हातात दिला आणि उभ्या उभ्या संपवायला लावला. मी संपवला.

"ती माशी कशी सरकली माहीत आहे?" ते म्हणाले. "त्या दिवशी मी वरच्या खिंडीत होतो. खालून शेजारी ओरडला की मुलगा झाला. मी धावत सुटलो आणि दगडावर आपटलो, रायफलीसकट. तिचा दस्ता चिरला आणि माशी सरकली. दस्ता तारेनं बांधला, माशी तशीच ठेवली. तेव्हापासून घरात दोन वस्तू जरा सरकलेल्या आहेत. आज एकच उरली."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं.

शनिवारी ग्लेनफेरचे लोक आले तेव्हा इसोबेलबाईंनी बाबांचं नाव संघात परत घातलेलं होतं. बाबांनी त्यांना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण मला पाहून त्यांनी चष्मा पुसला, एवढं मी पाहिलं. प्रश्न रायफलीचा होता. मी माझी नवी सुंदरी बाबांपुढे ठेवली. ते पालथे पडले, गाल दस्त्याला लावला आणि सरावाची पहिली गोळी झाडली. दुर्बिणीतून पाहतो तर मध्यापासून दोन बोटं उजवीकडे. दुसरीही तिथंच. चौतीस वर्षांची सवय, ती उजवीकडेच नेम धरणार. बाबांचा चेहरा पुन्हा बुधवारसारखा व्हायला लागला.

मी शेजारी गुडघ्यावर बसलो होतो. हात पुढे केला आणि तो सुंदर स्क्रू फिरवला. टिक्. टिक्. टिक्. चौदा टिका डावीकडे. तीन शनिवार घालवून, सात प्रकारची काडतुसं तपासून, केसाच्या अंतरापर्यंत जुळवलेली माझी रायफल मी माझ्या हातानं वाकड्या नेमाची करून टाकली.

"मारा आता," मी म्हणालो, "नेहमीसारखे."

ठप्. मधोमध. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त हॅट जरा मागे सरकवली आणि पुढची गोळी भरली. कार्ड आलं तेव्हा शंभरात सत्त्याण्णव होते. आजवर त्यांना इतके कधीच पडले नव्हते. ग्लेनफेरच्या कॅप्टननं येऊन हात मिळवला आणि विचारलं, इतकी अचूक रायफल कोणी निवडली? मी खाकरलो. पण बाबांनी काही सांगण्याआधीच माझा नंबर पुकारला गेला.

मी क्लबची सामाईक रायफल घेऊन पडलो. स्क्रू फिरवून माझी घेता आली असती, पण त्या दिवशी तिला हात लावावासा वाटला नाही. मला एकोणऐंशी पडले. ढाल आम्ही दोन मार्कांनी हरलो. इसोबेलबाईंनी त्या दोन मार्कांचं नाव घेतलं नाही, नुसता मला गाजराच्या केकचा मोठा तुकडा वाढला.

माझी रायफल मला परत मिळाली नाही. बाबांनी ती मागितली नाही आणि मीही मागितली नाही, ती आपली त्यांच्या खुंटीवर राहिली. पाच किलोचं ते धूड घेऊन ते रोज सकाळी टेकडीवर जायचे, फाटकावर टेकवून मारायचे आणि दोन ससे घेऊन यायचे. मंगळवारी तीच सभागृहात. एकच रायफल दोन्ही कामं करते, हे मी दुकानदाराला सांगितलं होतं ते खरं ठरलं, फक्त माझ्या हातात नाही. असं अकरा वर्षं चाललं.

बाबा गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. रायफल माझ्याकडे आली. तारेचा दस्ता असलेली जुनी भिंतीवर आहे, तिची तुटलेली माशी माझ्या कपाटात, आगपेटीत. परवा सकाळी व्हरांड्यात बसलो होतो, तर एक जाडजूड ससा माझ्या बागेत शिरून गाजरं उपटायला लागला. वीस पावलांवर! मी रायफल आणली, कठड्यावर टेकवली, श्वास धरला आणि बरोबर त्याच्या डोक्यावर नेम धरून गोळी झाडली. ती डावीकडे मातीत गेली. सशानं एक कान उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गाजर घेतलं.

नायरी आतून म्हणाली, अरे, उजवीकडे धर किंवा मग चौदा टिका फिरव ना उलट्या. उजवीकडे धरायचं मला आयुष्यात जमलं नाही, ते बाबांनाच जमायचं. आणि टिकांचं म्हणाल तर रोज ठरवतो, आज फिरवू. स्क्रूवर बोट ठेवतो. मग बाबांचं ते हॅट मागे सरकवणं आठवतं आणि बोट उचलतो. यंदा गाजरं बाजारातूनच आणावी लागतील असं दिसतंय.