पाठकोऱ्या कागदावरची काडतुसं

तीन महिने नीट अभ्यास केला की जगातली कुठलीही गोष्ट येते, असं प्रबोध गुर्जरचं ठाम मत होतं. या मताच्या जोरावर तो सांगलीहून निघून केमिकल इंजिनिअर झाला, सिंगापूरला आला, हॉकर सेंटरमधलं सूप त्यात काय आहे हे न विचारता प्यायला शिकला आणि जुरोंग आयलंडवरच्या एका अमेरिकन कंपनीत प्रोसेस मॅनेजर होऊन बसला. बसला तो नऊ वर्षं बसलाच. त्यामुळे २००४ च्या मार्चमध्ये त्याने बायकोला, मेधाला जाहीर केलं, की आपण आता बंदुकीची काडतुसं भरायला शिकणार, तेव्हा तिने फक्त डबा भरता भरता विचारलं, की जूनपर्यंत आटपेल ना.

जूनपर्यंत आटपणं भागच होतं. जूनमध्ये प्लँटचा मुख्य निवृत्त होणार होता आणि त्या खुर्चीसाठी दोनच नावं उरली होती. एक प्रबोध. दुसरा मेंटेनन्सचा संजीव वाकणकर, मूळचा नागपूरचा, कशाचीच तयारी न करता सगळीकडे वेळेवर पोचणारा माणूस. निवड ह्यूस्टनला बसलेला कंपनीचा म्हातारा मालक करायचा, आणि त्याची पद्धत त्याची स्वतःची होती. उमेदवारांना तो आपल्या रँचवर बोलवायचा आणि आजोबांची रायफल हातात द्यायचा. खालची दांडी पुढे ढकलून मागे ओढली की काडतूस चढणारी, अंगठ्याएवढी जाड गोळी उडवणारी. प्रत्येकाने पाच बार काढायचे. चाप ओढण्याआधी जो डोळे मिटतो, तो प्लँटला आग लागल्यावरही डोळे मिटणार, असा म्हाताऱ्याचा सिद्धांत होता.

या रायफलच्या धक्क्याबद्दल कँटीनमध्ये बऱ्याच कथा होत्या. एका डच उमेदवाराचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या कुणाची मोडलेली हाडं सांगणाऱ्यागणिक वाढत जायची. आणि प्रबोधचा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला होता. शर्टाची बाही चढवायला मेधा लागायची. एमआरटीच्या मेट्रोत वरची कडी त्याने दोन वर्षांत धरली नव्हती. अशा खांद्यावर ती रायफल टेकवायची म्हणजे डोळेच काय, कायमचं बरंच काही मिटलं असतं.

मग त्याला इंटरनेटवर आशेचा किरण दिसला. अमेरिकेत पुष्कळ म्हातारी, दुखरी माणसं अशा रायफलींसाठी घरी स्वतःच्या हाताने सौम्य काडतुसं भरतात. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्यात दारू बेताची मोजून घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची. आवाज तोच, धूर तोच, धक्का मात्र कुणी खांद्यावर हात ठेवल्याएवढा. प्रबोधने म्हाताऱ्याला अदबीने ईमेल लिहून विचारलं, की माझी काडतुसं मी भरू का. सौम्य हा शब्द त्याने लिहिला नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. एक दिवस आधी ये, सगळं सामान रँचवर आहे. येत असेल तर भर.

‘येत असेल तर’ हे प्रबोधला लागलं.

आता ज्या देशात च्युइंगम विकायला बंदी, तिथे काडतुसाचं सामान घरात आणायचा विचारसुद्धा करायचा नसतो. प्रबोधने तो केलाही नाही. कायदा पाळण्यात तो कमालीचा काटेकोर होता. त्याने दारूऐवजी रवा घेतला. पुंगळ्यांऐवजी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या नळ्या घेतल्या, त्या घरात खांद्यापायी भरपूर साठल्या होत्या. सेरंगून रोडवरून सोनारी काटा आणला. अमेरिकन लोक दारू ग्रेनमध्ये मोजतात, आणि एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी डायनिंग टेबलावर तो पंखा बंद करून, श्वास रोखून गुंजेगुंजेने रवा मोजू लागला. तेरा वर्षांच्या श्रियाने एकदा थोडा वेळ उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, जस्ट यूज स्पून, लाह.” त्यावर त्याने तिला पाऊण तास अचूकतेचं महत्त्व सांगितलं. त्यानंतर शनिवारी ती मैत्रिणीकडे जाऊ लागली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घात केला तो कागदाने.

प्रबोधचे वडील शाळामास्तर होते. एका बाजूला कोरा असलेला कागद टाकून देणं हे त्यांच्या घरात अन्न टाकण्याएवढंच पाप. पाठकोरे कागद जमवायचे, दाभणाने टोचायचे, शिवून वही करायची. प्रबोध परदेशात आला, तिथला कायमचा रहिवासी झाला, पण ऑफिसातल्या प्रिंटरशेजारी पाठकोऱ्या कागदांचा ट्रे भरलेला दिसला की त्याचा हात आपोआप जायचा. नऊ वर्षांत कुणी हटकलं नव्हतं. मेधाची वाण्याची यादी वाफेच्या गळतीच्या अहवालामागे असायची. श्रिया भागाकार शिकली ती कूलिंग टॉवरच्या पाठीवर. आणि त्या दिवसांत प्लँटच्या वार्षिक शटडाउनची आखणी चालू असल्याने ट्रेमध्ये एकच माल होता. टाक्यांच्या आवाराचे नकाशे. टाक्या, व्हॉल्व्ह, फाटकं, पहारेकऱ्यांच्या केबिन, सगळं प्रमाणात.

दारूचा तक्ता प्रबोधने त्या नकाशांच्या पाठीवर उतरवला. कंपनीच्या बसमध्ये तो रोज पाठ करायचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक पान सीटखाली घसरलं. बस चालवणारे ‘को’ आडनावाचे चिनी अंकल म्हणजे अकरा वर्षं कुणाची विसरलेली छत्रीसुद्धा घरी न नेणारे गृहस्थ. त्यांनी कागद उचलला, एक बाजू पाहिली, दुसरी बाजू पाहिली, आणि बस बंद करून चालत फाटकावर गेले.

दुपारी प्रबोधला मीटिंग रूममध्ये बोलावलं गेलं. समोर कडक इस्त्रीतला एक शांत पोलिस अधिकारी होता. आवाज इतका मऊ की प्रबोधला पहिल्या क्षणी वाटलं, बढतीचंच काही आहे. अधिकाऱ्याने कागद टेबलावर ठेवला, उलटा केला, सुलटा केला, मग पुन्हा उलटा केला. टाकी क्रमांक सातच्या बरोबर मागे, ठळक अक्षरांत, बंदुकीच्या दारूची वजनं होती.

प्रबोधने सगळं खरं सांगितलं. रायफल, म्हातारा, खांदा. अधिकारी लिहून घेत होता. मग त्याने विचारलं, की हे नकाशाच्या मागेच का लिहिलं. प्रबोध म्हणाला, कागद वाया जाऊ नये म्हणून. कंपनी कोरे कागद देत नाही का? देते. मोजून देते? नाही, हवे तेवढे. मग?

प्रबोधने त्याला वडिलांची गोष्ट सांगितली. अधिकाऱ्याने तीही लिहून घेतली.

अधिकाऱ्याने बोट समासावर ठेवलं. तिथे प्रबोधने स्वतःसाठी मराठीत सूचना लिहिल्या होत्या. ही लिपी वाचणारा दुसरा कुणी प्लँटवर आहे का, अशी चौकशी झाली आणि संजीव वाकणकरला बोलावण्यात आलं.

संजीव आला, खुर्चीवर बसला, कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला. प्रबोधला त्याचा आधारच वाटला. आपला माणूस आहे, सांभाळून घेईल. पण संजीव प्रामाणिक निघाला. पदरचा एक शब्द न घालता आणि एक न गाळता त्याने सगळं इंग्रजीत उतरवलं. आवाज पूर्ण, धक्का कमी. एकदा सुरू केलं की पाचही, थांबायचं नाही. लोक बघत असतील, चेहरा शांत ठेवायचा. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये.

अधिकाऱ्याने विचारलं, म्हातारा कोण. दोघंही एकदम म्हणाले, आमचे चेअरमन.

शेवटच्या ओळीशी संजीव अडला. “प्रबोध, अरे हे ‘शनिवारपर्यंत सगळं संपवायचं’ म्हणजे काय संपवायचं?”

“रवा,” प्रबोध म्हणाला.

संजीवने तेही भाषांतर करून सांगितलं. त्याने काही सुधारलं नाही.

संध्याकाळी चार माणसं क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर आली, बूट दाराबाहेर काढून. मेधाने त्यांना चहा विचारला. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि सोनारी काटा, दारूऐवजी रवा भरलेल्या बावीस काचेच्या नळ्या आणि फडताळातला रव्याचा डबा ताब्यात घेतला. पावतीवर लिहिलं: फिकट दाणेदार पदार्थ, चारशे बारा ग्रॅम. मेधाने पावती दोनदा वाचली. नवऱ्याला घेऊन गेले होते, त्यावर ती अजून एक शब्द बोलली नव्हती. पण हे तिला सहन झालं नाही. दारातून ती शेवटच्या माणसाला म्हणाली, की तो भाजलेला आहे, किडे होणार नाहीत, पण लवकर वापरा.

ह्यूस्टनला फोन गेला. म्हाताऱ्याने प्रबोधच्या ईमेलला दुजोरा दिला. प्रयोगशाळेने रव्याला दुजोरा दिला. प्रबोध त्याच रात्री घरी आला, कुणी त्याला एक वाकडा शब्दही बोललं नव्हतं. फक्त चौकशीचे कागद पुरे होईपर्यंत बेटावर जायचा पास आणि पासपोर्ट तेवढे त्यांच्याकडे राहणार होते. चार आठवडे लागतील, असं सांगण्यात आलं आणि बरोबर चार आठवडे लागले. ह्यूस्टनचं विमान तिसऱ्या आठवड्यात होतं.

संजीव एकटा गेला. परत आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी घरी आला. हातात अक्रोडासारख्या कसल्याशा अमेरिकन सुक्या मेव्याचा डबा. मेधाने पोहे केले. शेवटी प्रबोधनेच विचारलं, की खांदा कसा आहे.

“खांद्याला काय झालंय?” संजीव म्हणाला. “अरे, काही नाही त्या बंदुकीत. टिचकी मारल्यासारखं वाटतं. त्याची बायको भरते ती काडतुसं. पंचाहत्तरीची आहे, खांद्याचं ऑपरेशन झालंय तिच्या. कित्येक वर्षं हलकीच भरते म्हणे. माझ्याआधी तिनेच पाच बार काढले, ॲप्रन न सोडता.”

प्रबोधने पोह्यांची बशी खाली ठेवली. डच माणसाच्या हाडाचं विचारलं. तो पायरीवरून पडला होता.

“आणि डोळे?”

“मिटले ना मी. पाचही वेळा.” संजीवने लिंबू पिळलं. “म्हातारा कुठे बघत होता? पाठ करून मक्याची कणसं भाजत होता. मग जेवताना म्हणाला, फोनवर मी सगळं सांगितलं होतं, तरी तो दुसरा कुठाय, काडतुसं भरणारा? त्याच्यासाठी बायकोने सगळं सामान मांडून ठेवलंय. मी म्हटलं, सर, त्याचा पास आणि पासपोर्ट अजून पोलिसांकडे आहेत. म्हाताऱ्याने हातातलं कणीस खाली ठेवलं. म्हणाला, इतकी तयारी करणारा माणूस चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. खुर्ची त्याचीच होती. पण ज्याला स्वतःच्या प्लँटमध्ये शिरायला पास नाही, त्याला प्लँट कसा देऊ?”

फडताळापाशी उभ्या असलेल्या मेधाने पाठ न वळवता विचारलं, की आणखी पोहे हवेत का. कुणालाच नको होते.

संजीव निघाला. दारात बूट घालताना तो नाड्या जरा जास्तच वेळ बांधत राहिला. प्रबोधने हात पुढे केला.

“अभिनंदन, सर.”

“सर काय रे, प्रबोध. लाज वाटते.”

“सोमवारपासून म्हणायचंच आहे,” प्रबोध म्हणाला. “सराव करतोय.”