सुई रेकॉर्डवर असताना

नुसत्या चहाला बोलावलं असतं तर काहीच झालं नसतं. माणसं चहा-चिवड्याला येतात आणि चहा-चिवडा खाऊन जातात. पण त्या दिवशी फोनवर माझी जीभ घसरली आणि मी शामूला म्हणालो, "या खेपेला सगळे जेवायलाच या माझ्याकडं."

(जीभ माझीच आहे, पण माझ्या ताब्यात फारशी नसते.)

सगळे म्हणजे दोघे. मला धरून तिघे. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात 'कॉपर हेरन' या ब्रिटिश रॉक बँडचे एवढेच भक्त शिल्लक आहेत. बँड पन्नास वर्षांहून जुना. आतापर्यंत तीन गायक बदलले, ढोलवाले किती बदलले ते त्यांनाही आठवत नसेल. सध्या मूळचे दोनच म्हातारे उरलेत आणि ते खुर्चीवर बसून वाजवतात. तरी आमची निष्ठा ढळलेली नाही. अडचण एवढीच की तिघांची निष्ठा तीन वेगवेगळ्या काळांवर आहे.

शामू उचगावचा. घरची शेती आहे आणि बेळगावात विमा कंपनीत नोकरी. तो पहिल्या काळाचा, म्हणजे दाढीवाल्या गायकाचा. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाऊन टाकणारं. मारुतीरावांचं बेळगावातच खडेबाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ते दुसऱ्या काळाचे. त्यात त्याच गायकानं दाढी काढली आणि गाणी आटोपशीर केली. "घड्याळासारखी गाणी हायत बघा, एक काटा जास्त न्हाय," असं ते म्हणतात.

आणि मी निपाणीचा, तिसऱ्या काळाचा. तिसऱ्या काळात बँडनं बेस गिटारवाल्याला, म्हणजे खालचे खोल, घुमणारे सूर वाजवणाऱ्याला, काढून टाकलं आणि त्याच्या जागी एक यंत्र आणलं. त्या काळातला 'फॅक्स टू व्हीनस' हा अल्बम जगभरच्या चाहत्यांनी एकमतानं वाईट ठरवलेला आहे. पण मी कॉलेजात असताना निपाणीच्या कॅसेटच्या दुकानात या बँडची तेवढी एकच कॅसेट होती, त्याला मी काय करू? पहिलं प्रेम असं दुकानदाराच्या कृपेनं जडलं.

"गोमटेशअण्णा, त्या काळात बेसच न्हाय. नुसतं गिरणीगत टकटक," असं शामू मला गेली आठ वर्षं ऐकवतो आहे.

आमचं खरं भांडण मात्र 'हाफ अ लॅडर' या अल्बमवरून. त्यात निम्मी गाणी दाढीवाल्यानं म्हटलेली आणि निम्मी बिनदाढीवाल्यानं. तो पहिल्या काळात धरायचा की दुसऱ्या? शामू म्हणतो सगळा आमचा. मारुतीराव म्हणतात एक गाणंही सोडणार न्हाय. आमच्या सीमाभागातल्या माणसाला अशा वादाचं बाळकडूच मिळालेलं असतं, त्यामुळे मी आयोग नेमायची सूचना केली. ती दोघांनीही फेटाळली. तेव्हापासून तो अल्बम वादग्रस्त म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवला आहे आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

तर जेवणाचं आमंत्रण देऊन मी स्वयंपाकघरात गेलो. बायको दोडके चिरत होती.

"राजमती, रविवारी शामू आणि मारुतीराव जेवायला येणार."

"येऊ द्यात की. कवा?"

"संध्याकाळी."

विळीचा आवाज थांबला. "संध्याकाळी म्हंजे दिवस असताना का दिवस बुडल्यावर?"

इथं माझ्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. आम्ही जैन. राजमतीच्या स्वयंपाकघरात सूर्य मावळल्यावर भांड्याचाही आवाज होत नाही, ते बारा महिने. मीही यंदा चातुर्मासात मुनी महाराजांसमोर रात्रीच्या जेवणाचा त्याग केलेला. (पाणी तेवढं घासाघीस करून सोडवून घेतलं.) आणि आमची मैफल एकदा रंगली की सूर्य काय, पाहुण्यांना शेवटच्या बसचीही शुद्ध राहत नाही. कारण आमचा एक नियम आहे. सुई रेकॉर्डवर असताना कुणी बोलायचं नाही आणि जागचं उठायचं नाही.

"दिवस असतानाच जेवतील," मी म्हणालो.

"माझ्या घरातनं पाव्हणा कवा उपाशी गेला न्हाय," राजमती म्हणाली. "ह्ये दोघं उपाशी गेले, तर तुमच्या बगळ्याची पेटी सोप्यातनं उठली म्हणून समजा. माळ्यावर जाईल. परत खाली यायची न्हाय."

बगळा म्हणजे कॉपर हेरन. हेरन म्हणजे बगळा हे मारुतीरावांनीच तिला कधीतरी सांगून ठेवलं. पेटी म्हणजे माझा रेकॉर्ड प्लेअर. मारुतीरावांनी जुन्यातला शोधून, दुरुस्त करून मला दिलेला. सोप्यात देवाच्या फोटोंखाली टेबलावर तो इतकी वर्षं राहिला हे राजमतीचं मोठं मन. नाहीतर आमच्या बोरगावच्या सासुरवाडीत त्या टेबलावर शिलाई मशीन ठेवलं असतं. माळ्यावर एकदा गेलेली वस्तू आमच्या घरात परत दिसत नाही. माझी कॅरमच्या सोंगट्यांची पेटी तिथं गेली, तिचा अजून पत्ता नाही. म्हणून मी लगेच कबूल झालो.

रविवारी दोघे वेळेवर आले. राजमतीनं पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, तरी कटाच्या आमटीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण मारुतीराव पायताण काढता काढताच म्हणाले, "आक्का, आज दुसऱ्या काळाचासुद्धा विसर पडतोय बघा."

"मग बसा की आधी जेवायला," राजमती म्हणाली.

"एक बाजू ऐकतो आणि उठतोच," शामू म्हणाला.

प्रत्येकानं आपल्या काळातली एक बाजू लावायची अशी आमची पद्धत. माझी पाळी शेवटी असते आणि ती येईपर्यंत नेहमी कुणाची तरी बस सुटायची वेळ होते. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आज व्हीनसला फॅक्स जाणारच.

मारुतीरावांची बाजू झाली. मग त्या बाजूवर चर्चा. मग चर्चेतून 'हाफ अ लॅडर'चं न्यायप्रविष्ट प्रकरण उघडलं. "चार गाणी आमची," शामू म्हणाला. "गाणी तुमची असतील, अल्बमवरचा फोटो कुणाचा हाय?" मारुतीराव म्हणाले. राजमती दारात येऊन आपला तळहात डोळ्यासमोर धरून गेली. आभाळ भरून आलं होतं, सूर्य दिसत नव्हता. अशा दिवशी ती हातावरच्या रेषा बघते. रेषा दिसेनाशा झाल्या की दिवस संपला.

"काय म्हणत्यात रेषा?" मी हळूच विचारलं.

"अजून हायत. पण लई थोड्या."

एवढ्यात शामूनं आपली रेकॉर्ड लावली. पहिला काळ! अख्खी बाजू एकच गाणं! सुई टेकली आणि दोघांनी डोळे मिटले. राजमतीनं ताटं मांडली, तुपाची वाटी ठेवली, दारात आली, पुन्हा हात बघितला. मी डोळ्यांनीच तिला सुचवलं की मी बांधील आहे. तिनंही डोळ्यांनीच माळ्याकडं बघितलं. उठावं तर भक्त दुखावणार, बसावं तर पेटी जाणार. आणि तो दाढीवाला काही आवरतं घेईना.

राजमती आत गेली. थोड्या वेळानं दाढीवाल्याचा आवाज जाडा जाडा, खाली खाली होत रेडकागत झाला आणि थांबला. पंखाही थांबला.

"करंट गेला," शामू डोळे उघडून म्हणाला.

"ईल की. तवर जेवून घ्या," आतून आवाज आला.

"पण सुई अजून रेकॉर्डवरच हाय, आक्का. उठता येत न्हाय."

मारुतीरावांनी एक दीर्घ श्वास घेतला. त्यात बरंचसं तूप असावं. "शामू, करंट न्हाय म्हंजे गाण्याला स्थगिती मिळाली. स्थगितीत जेवता येतंय," असा निकाल देऊन ते उठलेसुद्धा. मागोमाग शामू.

आता मीही सरळ ताटावर बसायचं की नाही? पण मी यजमान. पाहुण्यांच्या गाण्यात माझ्या घरची लाईट जावी हे मला लागलं. "तुम्ही सुरू करा, मी आत्ता लाईट आणतो," मी म्हणालो. (म्हणजे लाईट जणू वाण्याकडं ठेवलेली होती.)

"आवो, आधी जेवा, मग जावा!" राजमती म्हणाली.

"पाच मिनिटांत आलो!"

बाहेर येऊन मी मीटरकडं गंभीरपणे बघितलं. मीटरातलं मला काही कळत नाही, पण बघायची पद्धत आहे. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. समोरची पिठाची गिरणीही सुरू होती. दुसऱ्या कुणाला यावरून काय ते कळलं असतं. मला मात्र असं कळलं की आपलाच तेवढा फेज गेला आहे. लगेच मी आमच्या वायरमनकडं, भरमूकडं निघालो. मागून राजमतीच्या आणखी दोन हाका आल्या. मी हात वर करून 'काळजी करू नकोस' असं सुचवलं आणि वळणावर दिसेनासा झालो.

भरमू घरी नव्हता. गणपती तोंडावर आलेले, तो मंडळाच्या मांडवात माळा लावत होता. मी तिकडं गेलो. तो शिडीवर.

"भरमू, खाली ये रं जरा. आमचा फेज गेलाय."

"ह्येवढी माळ बांधतो आणि आलो, अण्णा."

ती माळ भलतीच लांब होती. ती संपली आणि भरमूनं बटण दाबून बघितलं. लाल, हिरवे, पिवळे दिवे लागले. इतके सुंदर दिसले की मी 'वा' म्हणालो, आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की दिवे सुंदर दिसायला अंधार लागतो. मी झटकन तळहात डोळ्यासमोर धरला. तो माझा आहे एवढं कळत होतं, रेषा एकही नव्हती.

घरी आलो तर शामू आणि मारुतीराव जेवून, हात धुऊन, सुपारी कातरत अंधारात बसलेले. स्वयंपाकघर आवरून बंद झालेलं. भरमूनं दाराआडच्या बोर्डावरची छत्री बाजूला केली, टॉर्च मारला आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"अण्णा, मेन स्विच खाली ओढलाय की कुणीतरी."

भरमूनं स्विच वर केला. पंखा फिरला आणि दाढीवाला जिथं थांबला होता तिथूनच रेडकासारखा सुरू होऊन हळूहळू माणसात आला. उजेडात मी राजमतीकडं बघितलं.

"तू ओढलास?"

"मग काय करू? तो बुवा गप्प बसंना, तुमी उठंना. पाव्हणं जेवले न्हवं पोटभर?"

"सहा पोळ्या," शामू खाली मान घालून म्हणाला.

"आणि मी?"

"तुमी काय पाव्हणं हाय?" ती म्हणाली. "तीनदा हाक मारली. आता महाराजांना काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा. ऱ्हाऊ द्या पेटी हाय तिथंच."

खरं सांगू? मला राग यायला हवा होता, पण नाही आला. माझी पेटी वाचली होती. ती तिनंच वाचवली होती. आणि उपाशी नवऱ्याकडं बघताना तिचा चेहरा असा काही झाला होता की तिचाच घास अडकला असावा. मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि तिला म्हणालो, "सकाळी शिळी पोळी दुधात दे म्हंजे झालं."

"राखून ठेवल्यात चार," ती म्हणाली.

शामूला फारच अपराधी वाटत होतं. आपलं गाणं अर्ध्यावर सोडून त्यानं स्वतः सुई उचलली. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "अण्णा, आज तुमचा फॅक्स लावा. बस चुकली तर चुकू दे."

मारुतीरावांनी स्वतः 'फॅक्स टू व्हीनस' पाकिटातून काढून, शर्टाला पुसून, तबकडीवर ठेवली. भरमूही टेकला. राजमती उंबऱ्यावर येऊन बसली. सुई रेकॉर्डवर टेकली, नियम लागू झाला, कुणी हलेना की बोलेना. मला भरून आलं. यंत्राची ती टकटक, त्यावर तो कॉलेजातला माझा गायक, आणि माझी सगळी माणसं गप्प बसून ऐकताहेत.

पहिलं गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधीच्या शांततेत माझ्या पोटातून एक खोल, लांबलचक, घुमणारा आवाज आला. तो मधेच वळला, वर चढला आणि पुन्हा खाली येऊन थांबला.

शामूनं डोळे न उघडता स्वतःच नियम मोडला.

"मारुतीराव," तो हळूच म्हणाला, "तिसऱ्या काळात बेस न्हाय म्हणत हुतो. चुकलो बघा."