रंभाजीअण्णांचं ओमाहा

ओमाहाचं हवामान कळायला आमच्या घोडेगावात मोबाईल लागत नाही. सकाळी रंभाजीअण्णांचं डोकं बघायचं. भर उन्हात कानटोपी दिसली की समजायचं, ओमाहात बर्फ पडतोय.

अण्णा आयुष्यभर जनावरांच्या बाजारात दलाल होते. टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्यांची विद्या. पण लेक सुमन नोकरीसाठी अमेरिकेतल्या ओमाहाला गेली आणि हा मुक्या धंद्यातला माणूस बोलायला लागला तो थांबेचना.

तिथली मिसूरी नदी प्रवरेपेक्षा किती गढूळ, हे आता शेंबडी पोरंही सांगतील. तिच्या पुलावर एक पाय एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या राज्यात कसा ठेवता येतो, हे अण्णांनी मला भर रस्त्यात पाय फाकून दाखवलं आहे. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "दम धर," अण्णा म्हणाले, "मी हद्दीवर हाय."

ओमाहात पूर्वी जनावरांचा प्रचंड बाजार होता. तो कधीच बंद पडला, हे कळलं त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. "लई मोठा बाजार हुता आपला," एवढंच म्हणाले.

सगळ्यात लाडका विषय म्हणजे तिथल्या चौकातले पुतळे. जुन्या काळी लोक गाड्यांत संसार भरून, नदी ओलांडून पश्चिमेच्या नव्या मुलखात निघाले, त्यांचे ते पुतळे. सुमननं फोटो पाठवल्यावर अण्णांनी भिंग लावून बैल तपासले. एकाची मान जुवानं सोलवटल्यासारखी वाटली. लगेच तिला फोन करून हळद लावायला सांगितली. ती म्हणाली, अण्णा, तो धातूचा बैल आहे.

"व्हय, पन ओढतोय तर खरा."

मग फोटो पुन्हा न्याहाळत त्यांनी हळूच विचारलं, "गाडीवाली समदी दिसली गं. ह्यांना बोळवाया आलेलं म्हातारं कुठं हाय?"



यंदा सुमन चार वर्षांनी आली, पंधरा दिवसांसाठी. लोक तिला ओमाहाबद्दल विचारायचे आणि उत्तरं अण्णा द्यायचे. एकदा तर ती चुकतेय म्हणून तिलाच दुरुस्त केलं.

निघायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी राहिली. आम्ही शेजारी जमलो. सुमन म्हणाली, "अण्णा, तुमीच चला ना तिकडं."

"मी यिऊन काय करू? बाजार तर बंद पडलाय."

सगळे हसले. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तिच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

दलालाची लेक ती. बोटांची भाषा लहानपणीच शिकलेली. टॉवेल हलला. सुमननं मान हलवली. "इतके दिवस न्हाई राहता येणार, अण्णा. तिकीट काढलंय."

टॉवेल पुन्हा हलला. अण्णा आकडा उतरवत होते. पुन्हा नकार. शेवटी टॉवेल अगदी थोडा, एका बोटापुरता हलला. सुमननं मान खाली घातली आणि ती नुसतीच रडायला लागली.

बाजारात सौदा फिसकटला की दोघंही आपापला हात काढून घेतात. त्याला क्षणही लागत नाही.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. टॉवेल आता हलत नव्हता, पण खाली दोघांचे हात तसेच होते.