आधी बैठका, मग तर्री

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतचं हॉटेल होतं आणि हॉटेलासमोर विजेचा खांब होता. रोज सकाळी त्या खांबाला धरून एक साठी उलटलेले गृहस्थ बैठका काढताना दिसायचे. धोतराचा काचा मारलेला, टोपी काढून गणपतच्या बाकावर ठेवलेली आणि नजर पोह्यांच्या परातीवर. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरला की ते थांबत, तो बोटावर घेऊन गणपतला दाखवत आणि म्हणत, "हे पाह्य गा, निघाला! टाक आता प्लेट."

हे दौलतराव निखाडे. माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. नागपूरच्या महाल भागातली आमची सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. उभी हयात त्यांनी मिलमध्ये मागांवर देखरेख करण्यात घालवली होती. मागांच्या रांगांमधून दिवसभर येरझारा घालायची सवय पायांना इतकी जडली होती, की मिलने निवृत्त केलं तरी पाय निवृत्त व्हायला तयार नव्हते. काकी वारल्या होत्या. एकुलती मुलगी शालू, ती उमरेडला दिलेली. घरात काकाजी एकटेच.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो, की आमच्याकडे नुसते पोहे कोणी खात नाही. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, ती तर्री. पहिल्या घासाला कान तापतात, दुसऱ्याला नाक वाहू लागतं आणि तिसऱ्यापासून माणूस उद्या परत यायचं ठरवतो. काकाजी हे रोज खात. रविवारी त्यावर सावजीचं झणझणीत मटण. संध्याकाळी लहर लागली तर तळलेले आलूबोंडे. आणि एवढं करून पोट असं सपाट, की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा सरळ लोंबायचा.

मी शाळेत भूगोल शिकवत होतो. बायको कुसुम मला कंदमुळं आणि ताक यांवर जगवत होती, तरी माझ्या पोटाचा भूगोल दरवर्षी विस्तारत होता. शेवटी वैतागून तिने मला काकाजींच्या हवाली केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर, तू खाऊन राहिला माझ्यापेक्षा कमी, पण बसून राहिला किती गा! पोटात जाते ते पायानं कमावलं पायजे. कमाई नाही, तर खाणं नाही."

हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो ते कडकपणे पाळत. साध्या पोह्यांना खांबाच्या बैठका पुरत. बोंड्यांसाठी सक्करदऱ्याला पायी जाऊन यावं लागे, बोंडे मात्र गल्लीतच खायचे. सावजीच्या मटणाआधी ते भल्या सकाळी थेट कळमन्याच्या बाजारापर्यंत चालत जात, तिथे संत्र्यांचे ढीग बघत, भाव विचारत आणि एकही संत्रं न घेता परत येत. तिथले अडते त्यांना सरकारी माणूस समजून उगाच नमस्कार करायचे.

एकदा उन्हात ते पायी येताना दिसले म्हणून मी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून गणपतच्या दारात आणून सोडलं. काकाजी उतरले, धोतर झटकलं आणि आल्या वाटेने परत चालू लागले.

"काकाजी, कुठे निघालात? पोहे गरम आहेत!"

"घरी जाऊन पायी परत येतो न. तू आणलं मले, मंग पोहे तुह्या पायाचे झाले. ते तू खा."

मी खाल्ले. कुसुमला सांगितलं नाही.

खाप्याला आमच्या ओळखीत एक लग्न होतं. आम्ही दोघं बसने गेलो आणि तिथेच घोटाळा झाला, कारण बसने येऊन जेवणं काकाजींच्या हिशेबात बसत नव्हतं. पंगतीची पानं मांडली जात असताना ते मांडवाभोवती झपाझप फेऱ्या मारू लागले. वधूपित्याला वाटलं, पाहुण्यांना निकड लागली आहे. त्याने माणूस पाठवून अदबीने पाण्याचं टमरेल त्यांच्या हातात दिलं. काकाजींनी त्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, आभार मानले आणि आणखी एक फेरी मारून पंगतीला बसले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता.

त्या पंगतीत मला त्यांची दुसरी तऱ्हा कळली. वाढपी आला की काकाजी दोन्ही हात पानावर धरून "नोको, नोको, बस झालं" असा आकांत करत. नवख्या माणसाला वाटावं, आता यांना वाढलं तर भांडण होईल. पण वाढप्याने नेट धरला, दोनदा "घ्या हो" म्हटलं, की हात बाजूला होत आणि चेहऱ्यावर असा आनंद पसरे की वाढणाऱ्यालाच धन्य वाटावं. स्वतःहून मात्र त्यांनी कधी मीठसुद्धा मागितलं नाही. "मागून खाणं आपल्याच्यानं होत नाही," ते म्हणायचे.

गणपतकडे रोज हेच चाले.

"काकाजी, तर्री टाकू का थोडी?"

"नोको गा. पोट फुटते का माणसाचं?"

"थोडीशी. आज मस्त जमली आहे."

"अबे, नोको म्हणलं न!"

"तुमच्यासाठी तळातली काढून ठेवली. घ्या आता."

"तू काही मानत नाही बाप्पा," असं म्हणत काकाजी प्लेट पुढे करत. मग दुसरी पळी आणि दुसरं भांडण. तिसऱ्या पळीच्या वेळी बाकावरची माणसंही भाग घेत. कोणी म्हणे, "घ्या न काकाजी," कोणी म्हणे, "तुमच्या तब्येतीले काय धाड भरली?" हॉटेलात एवढा गलबला होई की रस्त्यावरची माणसं थांबून बघत.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात शालू माहेरी आली. तिचा नवरा उमरेडला दवाखान्यात कंपाउंडर होता, त्यामुळे घरात औषधांची चर्चा चाले आणि शालूची निम्मी डॉक्टरी आपोआप झाली होती. उरलेली निम्मी ती धाकाने भरून काढी. वडिलांवर तिचा फार जीव. नेमकं ती आली त्याच रविवारी काकाजींना मटणानंतर उचकी लागली आणि शालूचा धीर सुटला.

"बाबा, या वयात असं लालभडक खाते का कोणी? जळून जाईन आतडं!"

उत्तरादाखल काकाजींनी अंगणात बैठका काढायला सुरुवात केली. प्रत्येक बैठकीला ते "हे पाह्य वं" म्हणत आणि मधेच उचकी देत. शालू हात टेकून बसली.

पण ती हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती थेट गणपतकडे गेली आणि त्याला बजावून आली. "गणपतभाऊ, बाबा नाही म्हणतात तर नाही समजा. एकदा विचारायचं नाही की दोनदा नाही. तुमच्या या आग्रहापायी माझा बाप जाईन एखाद दिवशी." गणपतने चुलीची शपथ घेतली. दुपारी शालूने ही हकीकत कुसुमला सांगितली. कुसुमला ती अगदी रास्त वाटली. तर्री बंद केली नव्हती, हवी तेवढी मागून घ्यायची मुभा होतीच. समाधानाने शालू उमरेडला परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर होतो. बैठका झाल्या, घाम दाखवला गेला. गणपतने पोह्यांवर एक पळी तर्री घातली, प्लेट काकाजींच्या हातात दिली आणि मागे जाऊन स्वच्छ किटली पुन्हा घासायला घेतली. काकाजींनी चार घास खाल्ले. मग प्लेटवर हात आडवा धरून जरा मोठ्याने म्हणाले, "नोको हं गणपत. बस झालं."

गणपत किटली घासत राहिला.

"म्हणजे आता टाकशीन तर पाह्य, एवढंच सांगून राहिलो."

"बरं काकाजी," गणपत पाठमोराच म्हणाला. बाकावरच्या माणसांनाही त्याने दटावून ठेवलं होतं. सगळे आपापल्या पोह्यांत मान घालून बसले. मला हसू आलं, खोटं का बोलू. काकाजी हात तसाच धरून थोडा वेळ बसले, मग उरलेले कोरडे पोहे संपवून उठले.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पुढे ते येईनासे झाले. हॉटेल सुटलं तशा बैठका सुटल्या. कळमन्याची वारी सुटली. दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. तर्री कमी झाल्याने माणसाची तब्येत सुधारावी अशी सगळ्यांची अपेक्षा, आणि इथे काकाजींचा सदरा खांद्यावरून उतरू लागला. जिना चढताना धाप लागायला लागली. मी माझ्यासाठी आणलेलं टॉनिक त्यांना दिलं. त्यांनी बाटली परत पाठवली. सोबत निरोप, "पायानं कमावलं नाही."

कुसुमने कळवलं तशी शालू धावत आली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कशात काही निघालं नाही. शेवटी तिने ठरवलं, बाबांना कायमचं उमरेडला न्यायचं. आजवर या विषयावर काकाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "उमरेडले पायी येता येत नाही, मंग तुह्या घरचं मले पचते कसं?" या खेपेला ते नुसतं म्हणाले, "चाल. येतो." हा माणूस आता गल्लीत परत दिसणार नाही, आणि असा बसत गेला तर उमरेडलाही फार दिवस दिसणार नाही, हे मला लख्ख कळलं.

निघायच्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो. आतल्या खोलीत शालू वळकटी बांधत होती. काकाजी पाटावर बसले होते. समोर ताट वाढून वर दुसरं ताट झाकलेलं. आतून शालूचा आवाज आला, "बाबा, वाढून ठेवलं आहे, जेवून घ्या. बस चुकन."

काकाजी झाकल्या ताटाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "काकाजी, जाता जाता गणपतकडे जाऊ या. त्याला बरं वाटेल."

"कायले?"

"का हो? रुसलात का त्याच्यावर?"

"रुसू काहून गा? मी नोको म्हणलं, त्यानं ऐकलं. त्याचं काय चुकलं?"

मग ते माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मास्तर, तुह्या काकीले मी सारी जिंदगी नोको म्हणलं. रोज. भाजी वाढाले आली का मी ताटावर हात ठेवावा, अन् तिनं माहा हात बाजूले करावा. एकबी दिवस तिनं माहं ऐकलं नाही. ती गेली, अन् मी आपल्या हातानं वाढून घ्याले लागलो. आपल्या हातानं वाढलं का मंग नोको कोणाले म्हणाचं, सांग बरं? म्हणून गणपतकडे जात होतो. तर्री काय गा, तर्री कुठंबी भेटते."

"आणि बैठका?"

"आग्रह करते कोणी, अन् आपलं पोट बिघडलं, तर उद्या तो करन का? पचवाचं होतं मले. जेवढे दिवस पचन तेवढे दिवस कोणी घ्या म्हणन, एवढाच हिशेब होता."

वर पाहिलं तर आतल्या दारात शालू उभी होती. हातात वळकटीची दोरी तशीच. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. दोरी टाकून आत गेली आणि वांग्याच्या भाजीचं पातेलंच घेऊन बाहेर आली. वडिलांसमोर फतकल मारून बसली, वरचं ताट काढून बाजूला ठेवलं.

"बाबा, भाजी घ्या."

"आहे न वं ताटात. नोको."

"थोडी घ्या."

"नोको म्हणलं न. पोट आहे का पोतं?"

"मी केली आहे. घ्या म्हटलं तर घ्या!"

तिने त्यांचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि भाजी वाढली. मग भात वाढला. मग पुन्हा भाजी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण एका हातात पातेलं होतं आणि दुसऱ्यात डाव. मी उठून निघालो तेव्हा काकाजी जेवत होते, रडत होते आणि घासागणिक नोको, नोको म्हणत होते. शालू त्यांचं काही एक ऐकत नव्हती.