फौजदाराचं पथ्य

सासूबाई धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या आणि माशाचं काय करायचं, असा प्रश्न उभा राहिला. तेवढ्यात जावईबापू बोलून गेले, ‘‘त्यात काय आहे, आई? मी आहे ना!’’ (हे वाक्य त्यांनी आजवर जेव्हा जेव्हा उच्चारलं, तेव्हा तेव्हा मागाहून प्लंबरला तरी बोलवावं लागलं होतं, नाहीतर डॉक्टरला.)

मासा काही साधासुधा नव्हता. खाऱ्या पाण्यातला, तळहाताएवढा आणि पिवळाधमक. दिवसभर काचेलगत गस्त घालायचा, म्हणून त्याचं नाव फौजदार. सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी हौसेने आणलेला. ते गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, त्या ही टाकी घेऊनच. रोज सकाळी त्या फौजदाराशी चार गोष्टी बोलत, आणि त्या गोष्टी खरं म्हणजे कोणाशी चालल्यात हे घरात सगळ्यांना कळत होतं. त्यामुळे त्या वेळी हॉलमध्ये कोणी टीव्हीसुद्धा लावत नसे.

‘‘सकाळ-संध्याकाळ हिरवं घाला हं त्याला,’’ सासूबाईंनी निघताना बजावलं.

‘‘हो हो,’’ जावईबापू म्हणाले. ते मॅच बघत होते.

जावईबापू विमा कंपनीत दावे तपासायचे. खोटा दावा ते नुसत्या वासावरून ओळखतात, असा त्यांचा ऑफिसात दरारा. घरात मात्र सगळं कसं सुटसुटीत हवं. त्यांनी माशांच्या खाद्याच्या कोरड्या दाण्यांचा एक भलामोठा डबा आणला आणि रोज चिमूटभर दाणे टाकीत टाकून ते हात झटकू लागले.

महिना उलटला आणि फौजदाराची गस्त बंद पडली. पिवळा रंग विटला, पंखांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या, कपाळावर बारीक खड्डे पडले. खडकामागे तोंड लपवून तो नुसता तरंगत राहायचा. जावईबापूंची पाचावर धारण बसली. त्यातच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

‘‘जावईबापू, फौजदार दाखवा बरं जरा.’’

‘‘झोपलाय, आई.’’

‘‘भरदुपारी?’’

‘‘फौजदारच तो!’’

सासूबाई हसल्या, पण जावईबापूंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मासा गेला तर दुसरा आणता येईल, पण सासऱ्यांनी आणलेला कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी नवराबायको मत्स्यालयाच्या दुकानात धडकले. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला.

‘‘खायला काय घालता?’’

‘‘दाणे.’’

‘‘आणखी?’’

‘‘दाणेच.’’

‘‘साहेब, तुम्ही राहाल का महिनाभर नुसत्या टोस्टवर?’’

‘‘बरोबर चहा असेल तर...’’ जावईबापू प्रामाणिकपणे म्हणाले. बायकोने त्यांचा पाय दाबला.

‘‘अहो, हा पालेभाजीवाला मासा. याची उपासमार चाललीय,’’ दुकानदार म्हणाला. त्याने वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट दिलं, ते काचेला अडकवायला चिमटा दिला, जीवनसत्त्वांचे थेंब दिले. ‘‘यावर लसणाचा रस लावा, वासाने भूक खवळते. पोटात चांगलंचुंगलं गेलं की येईल वळणावर.’’

जावईबापूंनी लसूण ठेचला, रस काढला, शेवाळ अडकवलं. घराला लसणाचा वास लागला, ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याने खुर्ची लांब सरकवली, पण फौजदार काही खडकामागून हलला नाही.

बायको बालवाडीत शिकवायची. डब्यातली भाजी न खाणारी पोरं तिच्या वर्गात आली की आठवड्यात डबे चाटूनपुसून घरी न्यायची. ती संध्याकाळी म्हणाली, ‘‘अहो, त्या दुकानदाराचा फोन आला होता. एक सांगायचं राहिलं म्हणे. हा मासा एकटा जेवत नाही. समोर कोणी हिरवं खाताना दिसलं, की त्याला धीर येतो.’’

‘‘म्हणजे दुसरा मासा आणायचा?’’

‘‘माणूस चालतो म्हणाला.’’

जावईबापू दचकले. पालेभाज्या खा, असं डॉक्टर त्यांना कधीचे सांगून थकले होते. ताटात पालक दिसला की ते त्याला कडेला हद्दपार करत.

‘‘मग तू बस ना समोर.’’

‘‘बसले असते. पण ‘मी आहे ना’ कोण म्हणालं होतं?’’

झालं! सकाळ-संध्याकाळ जावईबापू टाकीसमोर खुर्ची टाकून पालक, मेथी, कोबी चघळू लागले. नुसतं खाऊन भागत नव्हतं, मिटक्याही मारायच्या होत्या. ‘‘वा! काय लुसलुशीत पान आहे, फौजदार! घ्या ना, लाजू नका!’’ शेजारीण वाटीभर साखर मागायला आली होती, ती दारातूनच परत गेली.

आणि एका सकाळी फौजदार खडकामागून बाहेर आला. त्याने जावईबापूंच्या तोंडाकडे पाहिलं, मग शेवाळाकडे पाहिलं आणि एक लचका तोडला! जावईबापू मेथीच्या काडीसकट खुर्चीवर चढून नाचले. मग काय, फौजदार दोन लचके तोडी, तर जावईबापू चार घास घेत. बघता बघता रंग परत आला, पंख भरून आले, कपाळावरचे खड्डे बुजू लागले. गस्त सुरू झाली.

सासूबाई परतल्या त्या चपला काढून थेट टाकीपाशी गेल्या. फौजदार धावत काचेशी आला. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘‘बाई गं, हे गेल्यापासून इतका टवटवीत नव्हता दिसला हा!’’ मग त्या वळल्या. ‘‘आणि जावईबापू, तुमचं पोट कुठे गेलं?’’

जावईबापूंची छाती फुगली. त्यांनी आजारपण कबूल केलं आणि इलाज रंगवून सांगितला. ‘‘मासा एकटा जेवत नाही, आई. समोर कोणी हिरवं खाताना दिसावं लागतं.’’

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक एकाएकी बॅगेतले कपडे काढण्यात गढून गेली.

‘‘असं होय!’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘आमच्या वेळी घरात ससा होता. ह्यांनी चार वर्षं गाजरं खाल्ली.’’

जावईबापूंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला.

‘‘पण दुकानदाराचा फोन...’’

‘‘त्याच्याकडे आपला नंबर आहे तरी का?’’ बायको कपड्यांत तोंड खुपसून म्हणाली आणि मायलेकी पोट धरधरून हसल्या.

पुराव्याचा एक कागद कमी पडला तर जावईबापू लोकांचे दावे फेटाळत आले होते! आता पाल्याला शिवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि संध्याकाळी तळलेल्या बटाट्याच्या कापांची बशी घेऊन ते टाकीसमोर ऐटीत बसले. फौजदार काचेशी आला. त्याने बशीकडे पाहिलं, शेवाळाला तोंडही लावलं नाही, आणि वळून खडकामागे गेला.

जावईबापू ताडकन उठले. ‘‘अगं ए, ऐकतेस का? पालक आण, पालक! लवकर!’’

‘‘चिरून ठेवलाय,’’ आतून दोघींचा एकदमच आवाज आला.